बाराशे रुपयांचे शून्य: रस्ट भाषेच्या ‘रिझल्ट’चे परीक्षण

सांगली जिल्ह्यातील एका सहकारी पतसंस्थेच्या शाखेत एका संध्याकाळी दिवसअखेर करताना रोखपालांच्या हातातली रोकड रोजकिर्दीपेक्षा २,३९९ रुपयांनी जास्त भरली. रोकड कमी पडली तर लगेच बोलाबोली सुरू होते. जास्त निघाली की सगळे आधी गप्प होतात आणि मग पुन्हा मोजायला बसतात. तीन वेळा मोजूनही आकडा हलेना, तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी आम्हाला फोन केला, कारण तेथील पिग्मी संकलनाचे सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. दोन तासांच्या शोधानंतर उलगडा झाला. एका पिग्मी एजंटचे हातातले यंत्र बिघडल्यामुळे त्या दिवशीची यादी शाखेतल्या संगणकावर हाताने टाइप केलेली होती. एका खातेदाराचे बाराशे रुपये टाइप करताना कीबोर्ड मराठीवर राहिला होता, म्हणून रक्कम देवनागरी अंकांत उतरली. दुसऱ्या खातेदाराचे बाराशे इंग्रजी अंकांतच होते, पण हजारानंतर स्वल्पविराम दिलेला होता. आधीच्या विकासकाकडून आमच्या गळ्यात आलेल्या सी भाषेतील प्रोग्रामने पहिल्या खात्यावर शून्य रुपये जमा केले, दुसऱ्यावर एक रुपया जमा केला आणि पडद्यावर लिहिले, ‘अपलोड यशस्वी’.

दोष ‘एटूआय’ या जुन्या फंक्शनच्या वापराचा होता. हे फंक्शन मजकुरातील अंक डावीकडून वाचत जाते आणि अंक नसलेले पहिले चिन्ह आले की थांबते. स्वल्पविरामापाशी थांबल्यामुळे बाराशेचा एक झाला. देवनागरी अंक तर त्याच्या लेखी अंकच नव्हेत, कारण युटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत असा प्रत्येक अंक तीन बाइटांचा असतो आणि त्यांतला पहिलाच बाइट त्याला परका. म्हणून तेथे शून्य आले. पंचाईत अशी, की खातेदाराने खरोखरच शून्य लिहिले असते तरी उत्तर शून्यच आले असते. ‘मला वाचता आले नाही’ आणि ‘मी वाचले, ते शून्य आहे’ ही दोन विधाने एकाच आकड्यात कोंबलेली असल्यामुळे बोलावणाऱ्या कोडला ती वेगळी करण्याचा मार्गच उरत नाही. सीमध्ये याहून चांगले ‘स्ट्रटूएल’ आहे. ते कुठे थांबले हे सांगते आणि आकडा मावला नाही तर ‘एररनो’ या सामाईक चलात खूण ठेवते. पण ती खूण पाहणे प्रोग्रामरच्या मर्जीवर आहे, आणि ज्याने हा प्रोग्राम लिहिला त्याची मर्जी झाली नव्हती.

त्या प्रकारानंतर संकलनाचा तो भाग आम्ही रस्ट भाषेत नव्याने लिहिला आणि गेले सव्वा वर्ष तो रोज चालतो आहे. रस्टची १.० आवृत्ती १५ मे २०१५ रोजी आली. भाषा मुक्त आणि मोफत आहे, तेव्हा किमतीचा प्रश्न येत नाही. तिच्या वेगाविषयी आणि स्मृती-सुरक्षेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, ते येथे पुन्हा मांडत नाही. हे परीक्षण तिच्या एकाच अंगाचे आहे: काम झाले की नाही झाले, हे कोडने कोडला कसे सांगायचे.

रस्टचे उत्तर ‘रिझल्ट’ या प्रकारात आहे. अपयशी ठरू शकणारे फंक्शन नुसती रक्कम परत देत नाही, तर एक बंद डबा देते, ज्यात एकतर ‘ओके’च्या कप्प्यात रक्कम असते किंवा ‘एर’च्या कप्प्यात चुकीचे कारण असते, दोन्ही कधीच नसतात. डबा उघडल्याशिवाय रक्कम हाती येत नाही, आणि ‘मॅच’ने उघडताना ‘एर’ निघाल्यास काय करायचे हे लिहिले नाही तर कंपायलर (कोडपासून प्रोग्राम बनवणारे साधन) प्रोग्रामच बनवू देत नाही. वाचायला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण आमच्या जुन्या प्रोग्राममध्ये रक्कम वाचणाऱ्या ओळी अकरा होत्या आणि त्यांतल्या एकीवरही तपासणी नव्हती; नव्या भाषेत तसे लिहायला बसलो असतो, तर अकराही ठिकाणी अडलो असतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की प्रत्येक पायरीवर डबा उघडत बसलो तर मूळ काम तपासण्यांच्या गर्दीत हरवेल. गो भाषेत नेमके तेच होते. तेथे फंक्शन उत्तर आणि चूक अशी दोन मूल्ये शेजारी शेजारी परत देते, आणि मग ‘इफ एर नॉट इक्वल टू निल’ (चूक रिकामी नसेल तर) या तीन ओळी पुन्हा पुन्हा लिहाव्या लागतात. हा भार हलका करण्यासाठी २०१९ मध्ये ‘ट्राय’ नावाचा प्रस्ताव आला आणि विरोधामुळे मागे घेतला गेला; जून २०२५ मध्ये तर गोच्या चमूने यासाठी नवे व्याकरण आणण्याचा नाद सोडल्याचेच जाहीर केले. मला त्या तीन ओळींचा फारसा राग नाही, त्या निदान डोळ्यांसमोर असतात. माझी तक्रार वेगळी आहे: चूक आलेली असतानाही शेजारचे उत्तर वापरायला गोमध्ये कोणी अडवत नाही. आमच्याच एका जुन्या सेवेत तसे घडलेले आहे आणि ते सापडायला एक महिना लागला होता.

रस्टने या अडचणीवर एक चिन्ह दिले आहे, साधे प्रश्नचिन्ह. नोव्हेंबर २०१६ मधील १.१३ आवृत्तीपासून, डबा देणाऱ्या कोणत्याही फंक्शनला बोलावून त्यापुढे हे चिन्ह लावले की ‘ओके’ असल्यास रक्कम बाहेर येते आणि ‘एर’ असल्यास चालू फंक्शन तेथेच थांबून ती चूक वरच्याकडे सुपूर्द करते. एका चिन्हाच्या किमतीत तपासणीही होते आणि वाचणाऱ्याला दिसतेही, की या ओळीवरून मागे फिरण्याची शक्यता आहे. ‘अपवाद’ फेकणाऱ्या, म्हणजे चूक आली की चालू काम मध्येच सोडून वर कळवणाऱ्या भाषांत नेमके हेच दिसत नाही. तेथे कोणती ओळ कधी उसळी मारून तीन मजले वर जाईल याचा कोडच्या पानावर मागमूस नसतो. जावाने काही अपवाद फंक्शनच्या मथळ्यातच जाहीर करण्याची सक्ती केली होती, आणि तो विचार मुळात चांगला होता. पण सक्ती टाळण्यासाठी अपवाद झेलून काहीच न करणारे रिकामे ‘कॅच’ लिहून मोकळे होण्याची सवय इतकी पसरली, की पथ्य पाळणाऱ्यांपेक्षा मोडणारेच जास्त झाले.

खरेदीपूर्वी वस्तू वाजवून पाहावी, तसे मी त्या संध्याकाळचे दोन मजकूर निरनिराळ्या भाषांना देऊन पाहिले. देवनागरी अंकांतील बाराशे पायथनच्या ‘इंट’ने आणि जावाच्या ‘पार्सइंट’ने निमूटपणे बाराशे म्हणून वाचले, कारण युनिकोड या सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीतील कोणत्याही लिपीचे दशमान अंक त्यांना चालतात. जावास्क्रिप्टच्या ‘पार्सइंट’ने ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’) दिले, आणि हे ‘नॅन’ पुढच्या बेरजांमध्ये मिसळून सगळा हिशेब नासवते, तक्रार मात्र करत नाही. स्वल्पविराम असलेल्या मजकुरावर पायथन आणि जावा यांनी अपवाद फेकला, तर जावास्क्रिप्टने सीप्रमाणेच एक रुपया दिला. गो आणि रस्ट या दोघांनी दोन्ही मजकूर नाकारले. मराठी माणूस म्हणून मला पायथनचे उत्तर सर्वांत सौजन्याचे वाटले हे कबूल करतो. तरीही पैशांच्या कामात मला आधी नकार हवा आणि मग मी ठरवीन ती सवलत हवी. ती सवलत आम्ही नंतर स्वतः दिली: युनिकोडमध्ये शून्य ते नऊ हे देवनागरी अंक सलग क्रमांकांवर असल्याने ते इंग्रजी अंकांत बदलणारे फंक्शन दहा ओळींत होते. (१.५३ या आवृत्तीपासून रस्टमध्ये चलांची नावेही देवनागरीत देता येतात. मी एका चलाला ‘रक्कम’ असे नाव दिले आणि सहकाऱ्याने ते दुसऱ्याच दिवशी बदलले.)

आता उणिवा. पहिली उणीव रोजच्या वापरात सर्वांत जास्त टोचते. रस्टने आमचा मजकूर नाकारला तेव्हा दिलेले कारण एवढेच होते, की मजकुरात अवैध अंक आढळला. कोणता मजकूर, त्यातला कितवा अंक, याचा पत्ता नाही. फाइल सापडली नाही तर ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’ आणि कंसात दोन हा क्रमांक, एवढेच. फाइलचे नाव नाही. चारशे ओळींची यादी आणि सात एजंटांच्या सात फाइली हाताळणाऱ्या प्रोग्रामकडून असा संदेश येणे म्हणजे डॉक्टरांनी ‘कुठेतरी दुखते आहे’ असे लिहून देण्यासारखे आहे. येथे गोचे प्रमाणित ग्रंथालय, म्हणजे भाषेसोबतच येणारा तयार कोड, स्पष्टपणे सरस आहे. ते नाकारलेला मजकूर आणि फाइलचे नाव संदेशातच गुंफते. रस्टमध्ये हा संदर्भ आपण जोडायचा, आणि त्यासाठी बहुतेक जण ‘एनीहाउ’ आणि ‘धिसएरर’ ही बाहेरची दोन क्रेट्स (तयार कोडचे संच) घेतात. दोन्ही चांगली आहेत, आम्हीही वापरतो. पण अपयश सांगण्याची पद्धत हा ज्या भाषेचा मानबिंदू आहे, तिने अपयशाचे ठिकाण सांगण्याचे काम बाहेरच्यांवर सोडावे हे मला पटत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे, कारण ती जाहिरातीच्या नेमकी उलट आहे: काही ठिकाणी रस्ट स्वतःच अपयश गिळते. जुन्या प्रोग्रामचा आणखी एक दोष होता. डिस्क भरल्यावर लिखाण अर्धवट राहायचे, पण ते कळायचे फाइल बंद करताना, आणि बंद करण्याचे उत्तर कोणी पाहत नव्हते. रस्टमध्ये हे आपोआप सुटेल असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात मजकूर आधी स्मृतीतल्या बफरमध्ये साठवून मग फाइलमध्ये टाकणारा ‘बफरायटर’ वापरून लिहिले आणि तो बफर कक्षेबाहेर जाऊन आपोआप नष्ट होऊ दिला, तर उरलेला मजकूर लिहिण्याचा प्रयत्न होतो, पण त्यात आलेली चूक टाकून दिली जाते. दस्तऐवजात हे लिहिलेले आहे, हे खरे; तसे सीच्या दस्तऐवजातही सगळे लिहिलेले होते. आम्ही डिस्कचा एक लहान विभाग मुद्दाम भरून चाचणी घेतली म्हणून हे उघडकीस आले. आता शेवटी ‘फ्लश’ आणि ‘सिंक ऑल’ स्पष्टपणे बोलावतो आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह लावतो.

याच पंक्तीत ‘अ‍ॅज’ हा शब्द बसतो. मोठ्या प्रकारातील आकडा लहान प्रकारात घालताना ‘अ‍ॅज’ वापरले, तर न मावणारा भाग गुपचूप कापला जातो. सत्तर हजार रुपये १६ बिटांच्या पूर्णांकात घातले की ४,४६४ उरतात आणि कोणी काही बोलत नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान ५ अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ३७ सेकंदांनी मार्गभ्रष्ट होऊन नष्ट झाले, ते ६४ बिटांची संख्या १६ बिटांत न मावल्यामुळे. तेथे गोष्ट उलटी होती: एडा भाषेतील कोडने चूक कळवली होती, पण ती हाताळणारे कोणी नव्हते, दिशादर्शक संगणक बंद पडला आणि त्याने पाठवलेली निदानाची माहितीच मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचली. रस्टमध्ये न मावल्यास ‘एर’ देणारे ‘ट्राय फ्रॉम’ आहे. ते हाताशी असताना ‘अ‍ॅज’ इतके छोटे आणि सोपे ठेवले आहे, की घाईत बोटे तिकडेच वळतात. बेरजेचेही तसेच: चाचणीच्या बांधणीत आकडा ओसंडला तर प्रोग्राम थांबतो, पण अंतिम बांधणीत मूळ मांडणीनुसार तो निमूटपणे गुंडाळला जातो. ही तपासणी अंतिम बांधणीतही एका ओळीने चालू करता येते, आणि हिशेबाचे काम करणाऱ्याने ती पहिल्या दिवशी करावी.

आणि मग ‘अनरॅप’. डबा उघडा, आत ‘ओके’च असणार याची मला खात्री आहे, नसेल तर सगळे थांबवा, असा त्याचा अर्थ. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअर या संकेतस्थळांची वाहतूक हाताळणाऱ्या कंपनीच्या जाळ्यामागील असंख्य संकेतस्थळे काही तास उघडेनात, तेव्हा या शब्दाला अचानक प्रसिद्धी मिळाली. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार डेटाबेसच्या परवानग्यांतील एका बदलामुळे बॉट (माणसाऐवजी संकेतस्थळांना भेट देणारे प्रोग्राम) ओळखणाऱ्या यंत्रणेच्या फाइलमध्ये दुबार ओळी आल्या, ती फाइल वाचणाऱ्या रस्ट कोडने ठेवलेली २०० वैशिष्ट्यांची मर्यादा ओलांडली गेली, ‘एर’ आले आणि त्यावर ‘अनरॅप’ लावलेले होते. त्यानंतर भाषेलाच दोष देणारे बरेच बोलले. माझे मत असे, की भाषेने तिचे काम केले होते: चूक वेगळ्या कप्प्यात ठेवली आणि ती डावलायची असेल तर तसे लिहून द्यायला लावले. तो शब्द कोडमध्ये शोधता येतो, त्यावर बोट ठेवता येते. सीमधील न केलेली तपासणी शोधायला तिथे शब्दच नसतो. तरीही नवशिक्यांसाठीची उदाहरणे ‘अनरॅप’ने भरलेली असतात आणि तीच नक्कल होऊन कामाच्या कोडमध्ये शिरतात, हा दोष रस्ट वापरणाऱ्यांच्या समाजाच्या पदरात घालावाच लागेल. आम्ही ‘क्लिपी’ या तपासनिसाला सांगून हिशेबाच्या भागात त्यावर बंदी घातली आहे. शिवाय रिझल्ट न पाहता सोडून दिला तर कंपायलर फक्त इशारा देतो. त्या इशाऱ्यालाही आम्ही चूक ठरवले आहे. हे दोन्ही मुळातूनच असते तर बरे झाले असते.

एका बाबतीत मात्र दोन कप्प्यांचा डबा आम्हाला अपुरा पडला, आणि त्यातून भाषेचे खरे बळही कळले. एजंटचे यंत्र नोंद मोबाइल जाळ्यावरून पाठवते आणि उत्तराची वाट पाहते. उत्तर आलेच नाही तर काय समजायचे? नोंद पोहोचलीच नाही, की पोहोचून जमा झाली आणि फक्त पोच हरवली? यूपीआयने पैसे देताना दुकानाच्या गल्ल्यापाशी मोबाइल हातात धरून ‘प्रलंबित’ हा शब्द पाहत उभे राहिलेल्या प्रत्येकाला ही अवस्था ठाऊक आहे. पैसे कापले गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत, अशा व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेला २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने मुदती घालून द्याव्या लागल्या: यूपीआयवरून दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेली रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे ‘झाले’ आणि ‘नाही झाले’ यांच्या मध्ये ‘कळले नाही’ ही तिसरी स्थिती खरीच असते. जुन्या प्रोग्रामने तिला अपयश मानून नोंद पुन्हा पाठवली होती आणि काही खात्यांवर एकच हप्ता दोनदा चढला होता.

रस्टमध्ये आपला स्वतःचा तीन कप्प्यांचा प्रकार बनवायला चार ओळी लागतात. तो बनवला आणि कंपायलर चालवला, तर ज्या ज्या ठिकाणी आम्ही दोनच शक्यता गृहीत धरल्या होत्या, त्या सहाही ठिकाणी त्याने अडवले. एका दुपारात सगळी ठिकाणे दुरुस्त झाली. ‘कळले नाही’ आले की आता नोंद नव्याने पाठवली जात नाही, पावती क्रमांक देऊन आधी चौकशी केली जाते. या एका दुपारसाठी मी या भाषेच्या बाकीच्या कटकटी सहन करायला तयार आहे.

प्रोग्राम संपताना बाहेरच्या जगाला काय सांगतो, याविषयी थोडक्यात. युनिक्स परंपरेत शून्य म्हणजे यश आणि बाकी काहीही म्हणजे अपयश. रस्टच्या ‘मेन’मधून ‘एर’ बाहेर पडले तर एक आणि पॅनिक झाले (‘अनरॅप’सारख्या ठिकाणी प्रोग्राम अचानक थांबला) तर १०१ हा क्रमांक मिळतो, त्यामुळे रात्रीच्या स्वयंचलित कामाला फरक कळतो. आमच्या येथे तो पहिले पंधरा दिवस कळलाच नाही, कारण शेल स्क्रिप्टमध्ये प्रोग्रामचे उत्पादन नळीवाटे ‘टी’ या पडद्यावर दाखवून फाइलमध्येही लिहिणाऱ्या आज्ञेला दिलेले होते आणि नळीचा क्रमांक शेवटच्या आज्ञेचा धरला जातो. नळीतल्या कोणत्याही आज्ञेचे अपयश धरणारे ‘पाइपफेल’ चालू केल्यावर ते सुटले; यात रस्टचा काही दोष नाही.

तर शिफारस अशी. ज्यांचे कोड पैसे, मोजमाप किंवा औषधांचे डोस हाताळते आणि ज्यांच्याकडे भाषा शिकायला दोन-तीन महिने आहेत, त्यांनी रस्ट जरूर घ्यावी, मात्र वर सांगितलेली कुलपे स्वतः लावून. आठवड्याभरात एखादी छोटी स्क्रिप्ट उभी करायची असेल, तर पायथनचे अपवाद पुरेसे आहेत. सीमधील चालू प्रोग्राम सांभाळणाऱ्यांनी सगळे नव्याने लिहिण्याआधी निदान ‘एटूआय’ हा शब्द आपल्या कोडमध्ये शोधून पाहावा.

शाखेत मात्र नवा प्रोग्राम अजून फारसा लोकप्रिय नाही. रोखपाल बाईंचे म्हणणे असे, की जुना कधी तक्रार करत नसे आणि हा रोज काहीतरी परत पाठवतो. देवनागरी अंक आता चालतात, त्यावर त्या खूश आहेत. स्वल्पविरामही चालवून घ्या, असा त्यांचा आग्रह गेल्या महिन्यातही झाला. आम्ही नाही म्हटले, कारण त्याच आठवड्यात एका यादीत ‘१,२०’ अशी नोंद आली होती, आणि ते एकशे वीस होते, की एक रुपया वीस पैसे, की शेवटचे शून्य राहून गेलेले बाराशे, हे एजंटला फोन लावल्याशिवाय त्यांनाही सांगता आले नव्हते.